कावीळ, भुईआवळा आणि घरची पेज

पावसाळा मुरला की मला फोन यायला लागतात, "ताई, तुमच्याकडे भुईआवळा उगवला का?" हल्ली त्यात मुंबई-पुण्याच्या तरुण मुलीही असतात. आजार कसलाच नसतो, त्यांना ‘लिव्हर डिटॉक्स’ करायचं असतं. त्यांना मी सरळ नाही म्हणते. धडधाकट माणसाचं यकृत आणि मूत्रपिंडं शरीराची सफाई रात्रंदिवस करतच असतात. त्यासाठी काढे ढोसायची गरज नाही. कावीळ झालेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी मी स्वतः बांधावर जाऊन झाड उपटून आणते. पण आधी विचारते, रक्त तपासलं का?

सिंधुदुर्गात उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी नोकरी झाली. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, पाण्यात क्लोरीन उतरलं का ते बघायला ओटी टेस्ट करायची, तापाचे रुग्ण शोधत वाडी-वाडी हिंडायचं, असे माझे पावसाळे गेले. घरी सासूबाईंना रानातला पाला उत्तम कळायचा. भुईआवळा ओळखायला त्यांनीच शिकवलं. "पान उलटां करून बघ गो, आवळे खाली आसतत." वीत-दीड वीत उंचीचं झुडूप, चिंचेसारखी बारीक पानं, आणि डहाळी उलटली की पानांच्या खाली ओळीने टांगलेली मोहरीएवढी गुळगुळीत फळं. फळाला बारीकसा देठ हवा. शेजारीच तांबूस खोडाचं एक झुडूप उगवतं, त्याची फळं खरखरीत आणि डहाळीला चिकटलेली असतात. ते आम्ही घेत नाही. तिन्हीसांजेला दोघांचीही पानं मिटतात, म्हणून झाड सकाळी काढायचं.

गेल्या श्रावणात दिराचा मुलगा कोल्हापूरच्या होस्टेलवरून घरी आला तो डोळे हळदीसारखे पिवळे घेऊनच. जेवणाचा वास आला तरी ओकारी यायची, लघवी गडद झालेली. शेजारच्यांनी लगेच दोन पत्ते दिले. एक नाकात देवडांगरीचे, म्हणजे एका कडू रानफळाचे, थेंब सोडणाऱ्याचा, दुसरा कावीळ ‘उतरवणाऱ्या’चा. देवडांगरीने नाकातून पिवळं पाणी वाहतं आणि लोकांना वाटतं कावीळच बाहेर पडली. खरं तर ते आत पेटलेल्या नाकाचं पाणी असतं. कावीळ ज्याने दिसते त्या रक्तातल्या पिवळ्या द्रव्याला, बिलिरुबिनला, नाकातून वाट नाही. त्या थेंबांनी माणसं बेजार झालेली मी पाहिली आहेत, म्हणून आमच्या घरात त्या वाटेला कुणी जात नाही.

आम्ही आधी रक्त तपासलं, आणि आमच्या भागात याला पर्यायच नाही. भातलावणीच्या दिवसांत इथे लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) असतो. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून तो होतो आणि त्यातही डोळे पिवळे होतात. साध्या काविळीत बहुतेक वेळा डोळे पिवळे होईपर्यंत ताप उतरलेला असतो. लेप्टोत ताप हटत नाही, पोटऱ्या ठणकतात, डोळे लालही होतात. त्याला अँटिबायोटिक लागतं आणि तेही वेळेत. अशा माणसाला घरी काढा पाजत बसलं तर त्याची मूत्रपिंडं जातात, जीवही जातो. आमच्या मुलाला निघाला हिपॅटायटिस ए, म्हणजे विषाणूमुळे येणारी यकृताची सूज. पोटात गेलेल्या दूषित पाण्याने किंवा अन्नाने होतो, लक्षणं साधारण दोन ते सात आठवड्यांनी दिसतात. त्यामुळे नेमकं कुठलं पाणी बाधलं ते शोधणं अवघडच.

या विषाणूवर औषध नाही. यकृत आपलं आपण सावरतं, त्याला विश्रांती आणि वेळ द्यायचा. भुईआवळा मी त्या काळातली सोबत म्हणून देते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधून 1976 चं नोबेल मिळवणारे ब्लमबर्ग यांनीही या वनस्पतीवर काम केलं. 1988 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या भारतातल्या अभ्यासात भुईआवळा घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून हिपॅटायटिस बीची खूण नाहीशी झाली होती. पुढच्या अभ्यासांत मात्र तसा गुण आला नाही. म्हणून हिपॅटायटिस बीच्या माणसाने गोळ्या सोडून भुईआवळ्यावर विसंबू नये, असं मी ठणकावून सांगते.

पाळंमुळांसकट पाला वाटून कच्चा रस ताकातून घ्यायची जुनी पद्धत आहे. सासूबाई तसाच द्यायच्या. मी उकळते. घोट्याएवढ्या चिखलात वाढलेली वनस्पती, ज्या बांधावर उंदीर फिरतात तिथली, ती आजारी माणसाला कच्ची द्यायला माझं मन धजत नाही. मुळाची माती पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत धुवायची, मूठभर चिरून दोन कप पाण्यात टाकायची आणि मंद आचेवर एक कप उरेपर्यंत आटवायची. रंग फिकट चहासारखा येतो, चव जिभेच्या मुळापर्यंत कडू. अर्धा कप सकाळी, अर्धा संध्याकाळी. डॉक्टरांना सांगूनच सुरू केला. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर विचारायलाच हवं, कारण या पाल्याने साखर उतरू शकते.

खरं बळ आलं ते पेजेने. उकड्या तांदळाची सैल पेज, मुगाचं कढण, शहाळं, पिकलेली केळी. भूक लागली तशी भाजीला फोडणीही दिली. हळद, तूप सगळं बंद करून माणसाला आणखी खंगवतात, ते मला अजिबात पटत नाही. गाड्यावरचा उसाचा रस मात्र नाही म्हणजे नाही. त्यातल्या बर्फाचं पाणी कुठलं कोण जाणे. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दारू तर कित्येक महिने नको. बिलिरुबिन 8 वर गेलं होतं. ते उतरू लागल्यावर पोरगं आपणहून म्हणालं, "काकी, आज बांगडा केलास तर खाईन." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दोन गोष्टी दिसल्या तर काढा, पेज सगळं बाजूला ठेवून मोठं इस्पितळ गाठा. माणूस गुंगीत जाऊन असंबद्ध बोलू लागला तर, आणि हिरड्यांतून किंवा कुठूनही रक्त येऊ लागलं तर. गरोदर बाईला कावीळ झाली तर असं काही दिसायची वाटसुद्धा बघू नका. हिपॅटायटिस ई झालेला असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर बेततं. तिला भुईआवळाही देऊ नका.

होस्टेलला निघालेल्या मुलांसाठी हिपॅटायटिस एची लस मिळते. धाकट्याला जूनमध्येच दिली. यंदाचा भुईआवळा परसात विहिरीकडे भरपूर आहे. धुऊन, सावलीत वाळवून, हवाबंद डब्यात भरते आहे. ज्यांच्या घरी कावीळ आहे त्यांनी रिपोर्ट घेऊन या.