ह्यूम आणि मृगाची पेरणी

मानवी आकलनावरील इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचा निबंध १६८९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. सारे ज्ञान अनुभवातूनच येते, हे त्यातील म्हणणे आमच्या यवतमाळकडील कोणत्याही शेतकऱ्याला सहज पटेल. मला मात्र स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचा १७४८ चा ग्रंथ अधिक अस्वस्थ करतो. आजवर घडले तेच उद्या घडेल, हे तर्काने सिद्ध करता येत नाही, कारण त्या सिद्धतेतच निसर्ग एकसारखा चालतो हे गृहीत धरावे लागते. आपण केवळ सवयीने तशी अपेक्षा बाळगतो, असे ते दाखवतात. मृगाच्या पहिल्या सरींवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, टोबणारा आणि मग पावसाने दडी मारली की दुबार पेरणीसाठी बियाण्याची पाकिटे शोधत फिरणारा माणूस याच सवयीवर चालतो. दुसरे करणार तरी काय? ती सवय सोडा, असे ह्यूमही सांगत नाहीत, हे त्यांचे टीकाकार फार लवकर विसरतात.

प्रत्यक्ष दिसते तेच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकांनी अनुमानावर जवळपास हीच शंका घेतली होती: धूर तेथे अग्नी, हे सर्व स्थळी, सर्व काळी कोणी पाहिले? त्यावर न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांचे उत्तर मला अधिक पटते. शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या आचरणाशीच विरोध येऊ लागला, की शंकेची मर्यादा तेथे संपते, असे ते म्हणतात.