आमची वाटचाल : कलेवर इंग्रजीत बोलता यावं म्हणून

परदेशी शिक्षण-नोकरीसाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं पर्यावरणावर पानभर लिहितात, मोबाइलच्या दुष्परिणामांवर तर थांबत नाहीत. ‘सरकारने कलेवर पैसा खर्च करावा का?’ असा प्रश्न आला, की तीच मुलं चार वाक्यांत आटोपतात. मी आणि माझी भागीदार, दोघीही आधी क्लासमध्ये शिकवायचो आणि दरवर्षी हेच पाहायचो. त्यातूनच ठरलं, की आपण एकच विषयगट घ्यायचा, कला आणि संस्कृती, आणि त्याच्यासाठी शब्दसंग्रहाचं साहित्य नीट तयार करायचं. एवढ्याशा विषयावर धंदा उभा राहील का, अशी शंका बहुतेकांनी काढली. आम्हाला मात्र गरज रोज समोर दिसत होती.

बाजारात शब्दांच्या याद्यांना तोटा नव्हता. सर्वांत भरवशाची यादी म्हणजे एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली मांडलेली अकॅडमिक वर्ड लिस्ट. सुमारे 35 लाख शब्दांच्या शैक्षणिक मजकुरातून निवडलेली 570 शब्दकुटुंबं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं यांचे गट, तिच्यात आहेत. ती आम्ही आजही शिकवतो. ‘इव्हॅल्युएट’, ‘इंटरप्रिट’, ‘कॉन्टेक्स्ट’ हे शब्द कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला लागतातच. पण ती यादी सगळ्या विद्याशाखांना समान असलेल्या शब्दांची आहे. ‘स्कल्प्चर’, ‘हेरिटेज’, ‘क्युरेटर’, ‘पॅट्रनेज’ तिथे मिळणार नाहीत आणि मिळावेत अशी अपेक्षाही नाही. कलेवर निबंध लिहिणाऱ्याला मात्र दोन्हीकडचे शब्द एकाच वाक्यात बसवावे लागतात. हा सांधा कोणी जुळवून देत नव्हतं. आम्ही तिथून सुरुवात केली.

पहिला संच संग्रहालयांचा होता. शब्द निवडण्याआधी आम्ही वाद निवडला : संग्रहालयात प्रवेश मोफत असावा का? मग त्या वादातली खरी माहिती गोळा केली. पॅरिसचं लूव्र संग्रहालय 1793 मध्ये जनतेसाठी खुलं झालं. ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमस्वरूपी संग्रह 2001च्या डिसेंबरपासून सगळीकडे मोफत पाहता येऊ लागले. एवढं हाताशी आलं, की ‘पर्मनंट कलेक्शन’, ‘अॅडमिशन फी’, ‘सबसिडाइज’ हे शब्द आपोआप लागायला लागतात, मुद्दाम कोंबावे लागत नाहीत. पुढचा वाद अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांचा. ब्रिटिश संसदेच्या निर्णयाने ती 1816 मध्ये सरकारने विकत घेतली, ग्रीस ती परत मागतो आहे. या एका प्रकरणावर विद्यार्थी ‘प्रॉव्हनन्स’ (वस्तू कुठून, कोणाकडून आली), ‘रीपेट्रिएशन’ (मूळ देशाला परत देणं), ‘कस्टोडियन’ (सांभाळणारा) हे शब्द तावातावाने वापरतात, कारण त्यांना बाजू मांडायची असते. माझं ठाम मत आहे, की विद्यार्थ्याकडे मत असलं तर शब्द टिकतो. नुसता अर्थ पाठ केलेला शब्द परीक्षेच्या खोलीत दगा देतो.

आमच्या संचातलं कार्ड कसं असतं ते सांगते. पुढच्या बाजूला शब्द नसतो, प्रसंग असतो : ‘नगरपालिका एका चित्रकाराला मोबदला देऊन चौकातल्या भिंतीवर चित्र करून घेते.’ मागे वाक्य : ‘द काउन्सिल कमिशन्ड अ म्यूरल.’ त्याखाली ‘कमिशन’च्या जोड्या, म्हणजे पोर्ट्रेट कमिशन करतात, शिल्प करतात, संगीतरचनाही करतात. शेजारच्या कार्डांवर ‘स्टेज अ प्ले’ आणि ‘माउंट अॅन एक्झिबिशन’. तळाशी एक प्रश्न, ज्याचं उत्तर मोठ्याने द्यायचं. आयईएलटीएसच्या लेखनात शब्दसंपदेला चतुर्थांश गुण असतात. सात बँडच्या, म्हणजे नऊपैकी सात या गुणपातळीच्या, निकषात कमी प्रचलित शब्दांबरोबर शैलीची आणि कोलोकेशनची, म्हणजे कोणता शब्द कोणत्या शब्दासोबत येतो याची, जाणही मोजली जाते. अवघड शब्द चुकीच्या क्रियापदाशेजारी बसवला तर त्याचा फायदा होत नाही. म्हणून आमच्याकडे सुटा शब्द छापलाच जात नाही.

कार्डांबरोबर पाच कप्प्यांचा डबा देतो. सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात मांडलेली ही पद्धत : आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलेलं परत पहिल्यात. मोबाइलवर हे सगळं होतं, तरी हाताने कार्ड मागे टाकणारे विद्यार्थी आम्हाला अधिक नेटाने सराव करताना दिसतात.

बॅचमध्ये नर्सेस आणि इंजिनीअर बरेच. सुरुवातीला त्यांचा सूर ठरलेला : ‘मॅडम, आम्हाला आयसीयूत काम करायचंय, चित्रं-शिल्पं कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण परीक्षा पेशा विचारून विषय देत नाही. बोलण्याच्या दुसऱ्या भागात एखाद्या कलाकृतीचं किंवा ऐतिहासिक वास्तूचं वर्णन करायचं कार्ड हातात येऊ शकतं. तयारीला एक मिनिट, बोलायला एक ते दोन मिनिटं. त्यातल्या एका नर्सताईंनी रुग्णालयाच्या भिंतींवर चित्रं असावीत का, यावर इतकं सुरेख बोलून दाखवलं, की तो प्रश्न आम्ही पुढच्या आवृत्तीत घेतला.

उच्चारांचं काम सगळ्यांत वेळखाऊ ठरलं. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘म्युझियम’ दुसऱ्यावर, ‘आर्किटेक्चर’ पहिल्यावर. आपण मराठी माणसं सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने बोलतो, त्यामुळे हे कानाने शिकावं लागतं, छापून भागत नाही. ध्वनिसंच काढायला भांडवल लागलं, ते दोघींच्या शिकवण्यांच्या कमाईतूनच घातलं. क्लासवाल्यांकडची उधारी लांबायची म्हणून पुढे आगाऊ रक्कम घ्यायला लागलो, आणि छपाईची ओढाताण बरीच कमी झाली.

मधल्या काळात एका क्लासने मोठी ऑर्डर देऊ केली होती. त्यांना हवे होते कलेवरचे तयार निबंध, विद्यार्थ्यांनी जसेच्या तसे घोकायचे. आम्ही नाही म्हटलं. पाठ करून आणलेलं उत्तर अनुभवी परीक्षक ओळखतो आणि गुण जातात ते त्या विद्यार्थ्याचे. शिवाय प्रश्नाचा रोख जरा बदलला, की घोकलेला निबंध निरुपयोगी. त्या क्लासने दुसरीकडून निबंध घेतले आणि आमचं ते वर्ष ओढगस्तीचं गेलं. तरी आजही तशी मागणी आली तर उत्तर तेच आहे.

युनेस्कोचे दोन करार, वास्तू आणि स्थळांसाठी 1972चा आणि अमूर्त वारशासाठी 2003चा, यांवर बेतलेला वारसासंच आता सर्वाधिक जातो. लोककला, मौखिक परंपरा, कारागिरी यांविषयी लोकांना आतून सांगण्यासारखं असतं आणि ‘इन्टॅन्जिबल’, ‘सेफगार्ड’, ‘ट्रान्समिट’ हे शब्द भराभर रुळतात.

सध्या यंत्राने बनवलेल्या चित्रांवरचा संच हातात घेतला आहे : लेखकत्व कोणाचं, मौलिकता कशाला म्हणायचं, हक्क कोणाकडे. ‘ऑथरशिप’, ‘अॅट्रिब्यूशन’, ‘डेरिव्हेटिव्ह’ हे शब्द पक्के झालेत. कार्डांवरचे प्रसंग अजून निम्मेच पटले आहेत. चाचणी बॅचमध्ये ज्यांवर वाद रंगणार नाही ते प्रसंग काढून टाकू आणि उरलेले छापायला देऊ.