फाइलमध्ये नसलेला त्रास

छातीच्या ओपीडीत खोकल्याचा पेशंट आला की मुंबईत पहिला विचार टीबीचाच होतो, आणि तो व्हायलाच हवा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची, त्यात हयगय नाही. लालबागहून आलेल्या या मावशींचं ते सगळं होऊन गेलं होतं. थुंकी निगेटिव्ह, एक्स-रे साफ, सीटी स्कॅनही साफ. कोरडा खोकला मात्र वर्ष उलटलं तरी हटत नव्हता. सोबत सून होती आणि पिशवीत कफ सिरपच्या बाटल्या.

मोठ्या माणसांत आठ आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला आम्ही जुनाट धरतो. विडी-सिगारेट, दमा, नाकातून घशात उतरणारा शेंबूड, ॲसिडिटी ही नेहमीची कारणं. दम्याच्या एका प्रकारात तर धाप लागतच नाही, नुसता खोकला येतो. चुलीचा धूर आणि धूळ यांनीही तो चिघळतो. पन्नाशी-साठीतल्या बायका या तक्रारीने जास्त येतात. मावशीही त्याच वयाच्या.

त्या बोलता बोलता थांबल्या. एक पाय दुसऱ्यावर टाकला, मांड्या घट्ट आवळल्या, आणि मग पदर तोंडाला लावून खोकल्या. आधी पाय आवळले, मग खोकला आला. मी सुनेला औषधाच्या खिडकीवर पाठवलं.

‘‘मावशी, खोकताना लघवी होते का?’’

त्यांनी दाराकडे पाहिलं. ‘‘होते मॅडम. जुन्या लुगड्याच्या घड्या लावते. घरात कुणाला माहीत नाही.’’

मग एकेक गोष्ट बाहेर आली. घराबाहेर पडायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं नाही. भजनी मंडळ सोडलं, कारण वरचा सूर लावला की उबळ येते. लोकलमध्ये खोकल्या की शेजारच्या बायका उठून लांब जातात. करोनापासून हे फार वाढलं. चाळीत एकच खोली, मुलाला पहाटे कामावर जायचं असतं, म्हणून भर पावसाळ्यातही त्या बाहेर गॅलरीत झोपत होत्या. यातलं एक अक्षरही त्या फाइलमध्ये नव्हतं. खोकल्याने जगण्यावर किती परिणाम झाला हे मोजायला इंग्लंडमधल्या लेस्टरची १९ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. झोप, लाज, काळजी, कामातला अडथळा, सगळं तिच्यात आहे. लघवीचा प्रश्न मात्र नाही. तो डॉक्टरनेच, आणि घरच्यांना बाहेर पाठवून विचारावा लागतो. आपल्याकडे सासू सुनेसमोर हे बोलणार नाही.

दुसऱ्या गोळ्या विचारल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘बीपीची एक आहे. पण ती खोकल्याच्या आधीपासूनची, तिचा काय संबंध?’’

पाकिटावर नाव होतं रॅमिप्रिल. या जातीच्या गोळ्यांमुळे ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य शरीरात साठतं आणि खोकल्याच्या नसा हुळहुळ्या होतात. बायकांना हा त्रास जास्त. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांतच खोकला येतो असंही नाही. कधी कधी कित्येक महिन्यांनी येतो, म्हणून पेशंट तिच्यावर संशय घेत नाही. तरी बीपीची गोळी मनाने बंद करणं धोक्याचं. मी ती बदलून टेल्मिसार्टन दिली. तिच्याने असा खोकला क्वचितच येतो. जुन्या गोळीचा खोकला ओसरायला चार आठवडे, कधी तीन महिनेही लागतात, हेही सांगून ठेवलं. नाहीतर आठवड्यात गुण नाही म्हणून पेशंट डॉक्टर बदलतो.

दीड महिन्याने त्या एकट्याच आल्या. दिवसाची उबळ बरीच कमी होती, झोपायला त्या घरात आल्या होत्या. फोडणीचा ठसका आणि उदबत्तीचा वास अजून सोसत नव्हता. नसांची ही हुळहुळ बराच काळ रेंगाळू शकते. शिवाय सोबतीला दमा आहे का, हेही पाहायला हवं होतं, म्हणून फुंकर मारायची तपासणी लिहून दिली. लघवीचं थांबलं नव्हतं, पण घड्या कमी लागत होत्या. त्यासाठी फिजिओथेरपीच्या मॅडमकडे चिठ्ठी दिली. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम त्या शिकवतात.

भजनाचं विचारलं. ‘‘गुरुवारी जाते,’’ म्हणाल्या, ‘‘सध्या नुसते टाळ वाजवते. सूर लावायला अजून भीती वाटते.’’ मी चिठ्ठीवर तेही लिहिलं, म्हणजे व्यायाम शिकवताना त्या मॅडमच्या ध्यानात राहील.