ल्विरची गुहा

आज फ्रान्समधल्या व्हेर्कोरच्या पठारावर दिवसभर चालले. ग्रनोबलजवळचे चुनखडीचे सरळसोट कडे, वर बीचची दाट रानं, झाडांवर पायवाटेच्या लाल-पांढऱ्या खुणा. पाय ठणकताहेत, पण झोप येत नाही ती त्या गुहेमुळे.

जुलै १९४४. फ्रान्स बळकावलेल्या जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या इथल्या बंडखोरांनी पठार स्वतंत्र घोषित केलं होतं. २१ तारखेला जर्मन ग्लायडर व्हासियू गावाजवळ उतरले आणि गावात कत्तल झाली. बंडखोरांचं इस्पितळ या ल्विरच्या गुहेत हलवलं होतं. २७ तारखेला जर्मनांना ती सापडली. जखमींना ठार केलं. दोन डॉक्टर आणि एका पाद्र्याला ग्रनोबलला नेऊन गोळ्या घातल्या, परिचारिकांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडलं.

गुहेचं तोंड केवढं मोठं आहे! आत थंडगार ओल. स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाला इथून बाहेरचं रान दिसत असणार, हाच विचार मनातून जात नव्हता. पळता येत नसलेल्या माणसांना मारायला हात कसा उठतो?

संध्याकाळी व्हासियूच्या दफनभूमीत गेले. एकसारख्या पांढऱ्या क्रुसांच्या रांगा. प्रत्येक नाव वाचायचं ठरवलं होतं. अंधार पडला, काही राहिली. उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे.