सांदवाडीचा नकाशा

मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की आमच्याकडे दुपारी माणसाला दोनच कामं उरतात. कूलरसमोर आडवं होणं आणि मनसुबे रचणं. गेल्या उन्हाळ्यात मी पोराच्या वहीचं पान फाडलं, पट्टी घेतली आणि घरामागच्या सांदवाडीचा नकाशा काढला. 20 बाय 30 फूट जागा, सहा वाफे, मधून दीड फुटाची वाट. पूर्वेला भेंडी, पश्चिमेला वांगी, मध्ये भेदरं आणि सांभार. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: टमाटे आणि कोथिंबीर.)

बायकोनं पान हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं.

"सगळं बरोबर हाये जी. पाणी कुठून जाईन ते नाई दाखवलं."

नळ आमच्याकडे दोन दिवसांआड. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी ज्या कोपऱ्यातून वाहतं, तिथं भर उन्हाळ्यातही गवत हिरवं असतं. माझ्या नकाशात नेमकी तिथून वाट जात होती. मग नकाशा फिरला. साबणाचं पाणी आधी धोप्याच्या (म्हणजे अळूच्या) पानांना, तिथून मुरत मुरत कोहळ्याच्या आणि दोडक्याच्या वेलांना. कच्ची खायची मेथी, सांभार त्या बाजूला नाही, हे तिनं मला दोनदा बजावलं.

खरं तर आम्हाला असं ठरवून भाजी लावावी लागते, ही लाजच होती. घरी सहा एकर वावर, आणि दर बाजाराला दोन पिशव्या भाजी विकत! माझ्या लहानपणी पऱ्हाटीतच (कपाशीतच) चवळी असायची, अंबाडी असायची, मधूनच काकडीचा वेल निघायचा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाल. निंदायला गेलेली आजी ओटीत भाजी घेऊनच परतायची, त्यातली अर्धी तर पेरलेलीही नसायची, चिवळ आणि तरोटा नुसतेच उगवायचे. मग मजूर मिळेनासे झाले, तणनाशक आलं. तण आणि चिवळ यातला फरक औषधाला काय कळणार? फवारा मीच मारत होतो, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही.

कोहळ्याचं आणि वालाचं बी बायकोनं माहेराहून आणलं. तिच्या आईनं ते चुलीच्या राखेत घोळून डब्यात ठेवलेलं, किडा लागू नये म्हणून. भेंडीची पुडी मात्र दुकानातली, परभणी क्रांती जातीची, हळद्या (पानं पिवळी पडण्याचा रोग) कमी येतो म्हणून.

शेणखताचं खातं माझ्याकडे होतं. उकिरड्याच्या तळाचं काळं, भुसभुशीत खत काढायला कष्ट पडतात. मी वरचंच चार टोपली आणून टाकलं, अर्धवट कुजलेलं. पंधरा दिवसांनी माती उकरली तर हुमणीच्या पांढऱ्या अळ्या अंग मुडपून बसलेल्या. बायको काही बोलली नाही. कोंबड्यांना मोकळं सोडलं. त्यांनी अळ्या वेचल्या, आणि माझे सरळ रेषेतले वाफेही संपवले.

मृगाचा पाऊस पडला तसे आम्ही दोघं लागलो. वांग्याची रोपं मी सपाट वाफ्यात लावली. आमची काळी माती पाणी पिते तशी धरूनही ठेवते. चार दिवस झड लागली आणि रोपांनी माना टाकल्या. पुन्हा वरंबे ओढले, पुन्हा रोपं आणली. वावरात कपाशी सरी-वरंब्यावर लावणाऱ्या माणसाला हे घरामागे का सुचू नये, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

सांभार तिचा. तिनं धणे गोणपाटावर पसरले, वर जुनी चप्पल घेतली आणि हलक्या हातानं रगडू लागली. एका धण्याचे दोन तुकडे. प्रत्येक तुकड्यात एक बी. मी मदतीला गेलो आणि पहिल्याच दाबात पीठ केलं.

"मसाला नाई करायचा आपल्याले," ती म्हणाली.

दहाव्या दिवशी तिच्या ओळीत हिरवे दोरे दिसले. माझ्या ओळीत दोन-तीन, तेही तिच्याकडून वाहून आले असावेत.

वानरांचं काय सांगावं! ती येतात, कोहळ्याची फुलं खातात, जातात. तुराट्यांचं कुंपण त्यांच्यासाठी नाहीच, ते शेजारच्या बकरीसाठी.

दीड महिन्यानं पहिल्या दिवशी चार भेंड्या निघाल्या. चौघांच्या घरात चार भेंड्यांची भाजी होत नाही. उद्यापर्यंत थांबू म्हणावं तर भेंडी थांबत नाही, निबर होते. शेवटी त्या वरणात गेल्या. पोरानं ताटात शोधून आपली एक मोजून घेतली.

आता दिवाळीनंतरची मेथी आणि पालक कुठं घ्यायचा यावर वाद चालू आहे. मी वही आणायला उठलो, तेवढ्यात तिनं तुराटीची काडी घेऊन मातीतच वाफे आखले. आधी पाण्याची रेघ, मग बाकीचं. मी वाकून बघत होतो, तर एक कोंबडी पालकावरून चालत गेली.