ओल्ड आयर्नसाइड्सच्या डेकवर

आज बॉस्टनच्या चार्ल्सटाउन गोदीत ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ पाहिली. १७९७ साली पाण्यात उतरलेली ही शिडाची युद्धनौका अजूनही अमेरिकी नौदलाच्या सेवेत आहे!

आत जॉर्जियाच्या लाइव्ह ओक या टणक लाकडाचा सांगाडा, त्याच्या दोन्ही बाजूंना व्हाइट ओकच्या जाड फळ्या. १९ ऑगस्ट १८१२ ला ब्रिटिशांच्या ‘गेरियेर’ या युद्धनौकेचे तोफगोळे या भिंतीवर आदळून मागे उडाले, आणि लाकडाच्या जहाजाला ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ (लोखंडी अंगाची म्हातारी) नाव पडलं.

पण माझं मन अडकलं ते खालच्या मजल्यावर. छत इतकं खाली की मान वाकवूनच चालायचं, आणि टांगलेल्या झोळ्या अगदी खेटून. साडेचारशेच्या आसपास माणसं या जहाजावर राहायची. एका तुळईवर तळहात टेकवून बराच वेळ उभी राहिले. पाय निघेना.