जीप अपडेट: काटा खाली आला, घाट बाकी आहे

तर भावांनो, जुन्या डिझेल जीपचं गरम होण्याचं काम बरंच पुढं सरकलं. रेडिएटर खोलायच्या आधी एक गोष्ट पाहाच, गाडी गरम केव्हा होते. बाजारात हळू चालताना तापमानाचा काटा चढते अन् मोकळ्या रस्त्याला लागली की उतरते, तर हवा कमी पडून राहिली, म्हणजे फॅन, बेल्ट, शराउड (फॅनभोवतीचं कव्हर) पाहा. उभ्यावर ठीक पण लोड घेऊन चढावर काटा वर जाते, तर पाणी बरोबर फिरत नाही नाहीतर रेडिएटर आतून चोंदला. अन् थंड्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट केल्यावर तोंडाशी सारखे बुडबुडे येऊन राहिले तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक अन् हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय धरा. आपली जीप दोन्हीकडं गरम व्हायची, बुडबुडे मात्र नव्हते.

समोरून रेडिएटर चकाचक दिसे. मागून टॉर्च लावला तर उजेडच पार येईना! फिनमधी, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधी, सोयाबीनचं कुटार, कापसाचे तंतू, त्यावर तेलकट धूळ, सगळं गादीसारखं दाबून बसलेलं. इंजिनच्या बाजूनं बाहेर असं पाणी मारून धुतलं, प्रेशर कमीच ठेवलं, नाहीतर फिन वाकतात. बेल्टही ढिला होता, तो अंगठ्यानं दाबला की अर्धा इंच दबेल एवढा ताणला.

आतली कथा मोठी. ही गाडी आधी पूर्णेकाठी होती, खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारं, अन् रेडिएटरमधी बोअरचंच पाणी जायचं. वरचा होस काढला तर तोंडावर पांढरा टणक थर, नखानं निघेना, त्याच्याखाली जंग. रेडिएटरवाल्याकडं टाकी उघडून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांमधून सळई फिरवली, तेव्हा कळलं की खालच्या बऱ्याच नळ्या बंदच होत्या. आता कूलंट अन् बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर) अर्धं-अर्धं टाकलं, बोअरच्या पाण्याला जीपजवळ फिरकू देणार नाही.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) फेकून द्या असं अर्धे मिस्त्री सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, इंजिन थंडं चालते अन् डिझेल जास्त पिते. गंजात (पातेल्यात) पाणी तापवून, थर्मामीटर धरून पाहिलं, 82 डिग्री लिहिलेला व्हॉल्व्ह तिथंच उघडायला लागला, मग परत बसवला. झाकण मात्र नवीन घेतलं, रबर कडक झालं होतं. झाकणानं 0.9 बार दाब धरला तर साधं पाणीसुद्धा 118 डिग्रीच्या आसपास उकळते, दाबच नसला तर 100 लाच. म्हणूनच गरम गाडीचं झाकण कोणी उघडू नका रे, वाफ तोंडावर येते.

सध्या भर दुपारच्या उन्हातही काटा मध्याच्या खाली राहून राहिला, लय बरं वाटते. शराउडचा एक कोपरा तुटेल आहे, तेवढा बसला की परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, मागं तिघं-चौघं बसवून. कोणाकडं जुन्या जीपचा धड शराउड पडला असंल तर सांगा.